स्प्रेडशीटमधील विदा आर भाषेत आणणे

स्प्रेडशीटमध्ये भरलेली माहिती सांख्यिकीय संगणकभाषेत वाचून घेणे आणि मग तिच्यातून हव्या त्या ओळी, बेरजा, सरासऱ्या काढणे, ही आकडेवारीच्या कामातली रोजची पहिली पायरी. या नोंदीत आर भाषेचा विचार केला आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रचली, १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली.

खरी अडचण दोन्हीकडच्या रचनेत आहे. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सेलचा प्रकार वेगळा असू शकतो: वर आकडा, खाली तारीख, त्याखाली ‘गैरहजर’ असा शेरा. आरच्या डेटाफ्रेममध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, अख्ख्या रकान्याचा प्रकार एकच. त्यामुळे आयात करताना कोणीतरी अंदाज बांधावाच लागतो, आणि तो चुकला तरी बहुतेकदा काम अडत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग म्हणजे शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात जतन करून ‘रीड डॉट सीएसव्ही’ने वाचणे. २०२० साली आलेल्या ४.०.० आवृत्तीपर्यंत हे फंक्शन मजकुराचे आपोआप ‘फॅक्टर’ करून टाकत असे, म्हणजे प्रत्येक वेगळ्या मजकुराचा एक स्तर धरून आत त्या स्तराचा क्रमांक साठवत असे. समजा रकान्यात १२, ७, -, ४० असे भरले आहे. त्या एका आडव्या रेघेमुळे सगळा रकाना मजकूर ठरायचा आणि मजकुराचा फॅक्टर व्हायचा. त्याला पुन्हा थेट संख्येत बदलले की हाती यायचे २, ४, १, ३, म्हणजे अकारविल्हे लावलेल्या स्तरांचे क्रमांक. सरासरी निघायची, आलेखही निघायचा. फक्त उत्तर खोटे असायचे.

एक्सेलची फाइल थेट वाचण्यासाठी पूर्वी बहुतेकदा पर्ल किंवा जावा या दुसऱ्या संगणकभाषा बसवून घ्याव्या लागत. २०१५ मध्ये आलेल्या ‘रीडएक्सएल’ पॅकेजला (आरला जोडायच्या फंक्शनांच्या संचाला) दोन्ही लागत नाहीत. ते रकान्याचा प्रकार ठरवण्यासाठी सुरुवातीच्या १,००० ओळी पाहते. तेवढ्या ओळी रिकाम्या असल्या तर रकाना ‘लॉजिकल’ (खरे-खोटे प्रकारचा) धरला जातो आणि १,००१व्या ओळीतला शेरा एनए, म्हणजे आरमधली रिकामी नोंद, होतो. इथे निदान इशारा तरी मिळतो. शंका असेल तेव्हा सगळे रकाने मजकूर म्हणून आणावेत आणि प्रकार स्वतः ठरवावेत.

तारखांचे प्रकरण वेगळेच. १ जानेवारी २०२४ हा दिवस एक्सेल आतून ४५२९२ असा साठवते, आर तोच दिवस १९७२३ असा. आर १ जानेवारी १९७० पासून मोजते. एक्सेलचे आकडे आरमध्ये आणताना आरंभ ३० डिसेंबर १८९९ सांगावा लागतो, कारण एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरते आणि त्याच्या मोजणीत एक दिवस जास्त येतो. ते लीप वर्ष नव्हते.

काही नुकसान आयातीच्या आधीच झालेले असते. ‘सेप्ट२’ हे जनुकाचे नाव एक्सेलने २ सप्टेंबर करून टाकले, तर मूळ नाव फाइलमध्ये उरतच नाही. अशा जनुकांची नावे शेवटी २०२० मध्ये बदलावी लागली. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइल-स्वरूपात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये या मर्यादेमुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळले.

माहिती नीट आली की प्रश्न विचारायचे. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा येणाऱ्यांना ‘एसक्यूएलडीएफ’ हे पॅकेज जवळचे वाटते: ते डेटाफ्रेम एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकून तिथे क्वेरी, म्हणजे प्रश्न, चालवते. मात्र एसक्यूलाइटमध्ये तारखेचा प्रकारच नाही. आरची तारीख तिथे १९७२३ होऊन जाते आणि ‘२०२४-०१-०१ नंतरच्या ओळी’ मागितल्या तर शून्य ओळी मिळतात, चूक न दाखवता. आज अनेक जण ‘डीप्लायर’ हे पॅकेज वापरतात. त्यात गाळणे, गट पाडणे, सारांश काढणे या क्रिया पाइपने, म्हणजे एकीचा निकाल पुढचीला देणाऱ्या चिन्हाने, एकापुढे एक जोडता येतात.

रिकाम्या नोंदींबाबत या मार्गांचे एकमत नाही. ‘वय ६०पेक्षा जास्त’ अशी अट मूळ आरच्या चौकटी कंसात दिली, तर वय न भरलेली प्रत्येक ओळ पूर्ण एनए होऊन निकालात येते. डीप्लायर आणि एसक्यूएल ती गाळतात. एकाच फाइलवर दोघांनी मोजलेल्या ओळी जुळेनात, तर आधी हे तपासावे.