एक प्लॉट, एक मुख्य इमारत : खान्देशातल्या बंगला कॉलन्यांच्या नियमांची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळच्या जुन्या कॉलन्यांमध्ये सध्या एकाच चालीचे वाद ऐकू येतात. शेजारचा बंगला विकला जातो, जेसीबी येतो, अंगणातला कडुनिंब आधी पडतो, मग घर. वर्षभरात तिथं पार्किंगवर चार मजले उभे राहतात. शेजारी म्हणतो, ही बंगल्यांची कॉलनी आहे, इथं अपार्टमेंट चालतच नाही. नवा मालक मंजूर नकाशा पुढे करतो. दोघांच्याही हातात खरे कागद असतात. फक्त ते दोन वेगळ्या कायद्यांतून, दोन वेगळ्या कचेऱ्यांतून आणि दोन वेगळ्या काळांतून आलेले असतात. हा गुंता कसा झाला, ते इथं मांडतो आहे.

आपल्याकडच्या विकास योजनेच्या नकाशात 'एका कुटुंबाच्या घरांचा पट्टा' असा काही रंग नाही. रहिवास विभाग पिवळा, बस. त्या पिवळ्यात बंगलाही बसतो, रो हाउसही आणि अपार्टमेंटही. रहिवास-१ आणि रहिवास-२ असा जो भेद आहे तो समोरचा रस्ता किती रुंद आणि दुकानं किती चालतील यावरून पडतो. घरात किती कुटुंबं राहतात याच्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत तसा पट्टा खरोखर होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं १९१६ साली तो आखला, १९२६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात अशा पट्टेवारीला मान्यता दिली आणि पुढं तो देशभर पसरला. आता ओरेगॉनसारख्या राज्यानं २०१९ साली कायदा करून तो सैल केला आहे. आपल्या कॉलनीतला माणूस 'इथं फक्त बंगले' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात असंच काहीतरी चित्र असतं. मग हे चित्र त्याला दिलं कुणी?

फार मागे जाण्यात अर्थ नाही, तरी दोन खुणा सांगतो. १८१८ नंतर खान्देश इंग्रजांकडे आला आणि धुळे हे मुख्य ठिकाण ठरलं तेव्हा जुन्या वस्तीशेजारी सरळ, समांतर गल्ल्यांची नवी पेठ आखली गेली. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. पण त्या गल्ल्यांतली घरं भिंतीला भिंत लावून होती. चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून मधोमध घर बांधायची रीत आली ती रेल्वेबरोबर आणि साहेबांच्या सिव्हिल लाइन्समधून. भुसावळला रेल्वे आली १८६० च्या दशकात, आणि तिच्या मागोमाग अधिकाऱ्यांचे बंगले, कंपाउंड, आउटहाउस. 'पंधरा बंगला' हे तिथल्या भागाचं नाव आजही चालतं. आमच्याकडच्या माणसानं बंगला हा शब्द तिथून उचलला. धाब्याच्या घरात, ओट्यावर वाढलेल्या पिढीसाठी कंपाउंडचं फाटक म्हणजे नोकरीत वर चढल्याची खूण होती.

खरी गोष्ट सुरू होते ती १९६७ पासून. त्या वर्षी दोन कायदे लागू झाले. ११ जानेवारीला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, आणि १५ ऑगस्टला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. पहिल्यानं नगरपालिकांच्या विकास योजनांना आजचा साचा दिला. त्या करणं १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्यानंच बंधनकारक झालं होतं. दुसऱ्याच्या कलम ४४ खाली शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे आली. ही परवानगी नवी नव्हती, १८७९ च्या महसूल कायद्यातही ती होती. पण आता तिच्यासोबत १९६९ चे नियम आले, आणि त्या नियमांना बांधकामाच्या अटींची परिशिष्टं जोडलेली होती. जिथं दुसरे बांधकाम नियम पोचले नव्हते, तिथं याच अटी चालायच्या.

त्या काळात शहराबाहेरच्या कपाशीच्या, ज्वारीच्या काळ्या जमिनीत जे ले-आउट पडले, त्यांच्या एन.ए., म्हणजे बिगरशेती, आदेशात एक अट हमखास सापडते. आशय असा : प्रत्येक प्लॉटवर एकच मुख्य इमारत आणि तिच्या रहिवाशांना व नोकरचाकरांना खरोखर लागतील तेवढीच आउटहाउस. अनेक आदेशांत पुढं तळमजला आणि वर एक मजला, रस्त्यापासून इतकं अंतर, असंही लिहिलेलं असतं. प्लॉट ठरलेल्या किमान आकाराच्या दुप्पट असेल तर दोन इमारती चालतील, अशी सवलतही होती.

बंगला कॉलनी जन्मली ती या एका ओळीतून. शिक्षक, बँकेतले कारकून, पाटबंधारे आणि एसटी खात्यातले कर्मचारी, वकील यांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढल्या, एकरांनी शेत घेतलं, ले-आउट मंजूर करून चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं अशी 'टेनंट ओनरशिप' पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. संस्थेच्या पोटनियमांतही एका सभासदाला एकच प्लॉट आणि तोही राहण्यासाठी, असं लिहिलेलं असे. त्यामुळं एन.ए. आदेश आणि पोटनियम एकत्र वाचले की सरळ अर्थ निघायचा : एक प्लॉट, एक घर, एक कुटुंब. पण 'कुटुंब' हा शब्द त्या आदेशाच्या अटीत कुठंच नाही. तो वाचणाऱ्यानं घातला.

या शब्दावर जरा थांबायला हवं, कारण पुढचे सगळे वाद इथूनच वाढले आहेत. बांधकाम नियमावली कुटुंब मोजत नाही, ती सदनिका मोजते, आणि सदनिका ओळखते स्वयंपाकघरावरून. जनगणनाही कुटुंब ठरवते ते सामाईक स्वयंपाकावरून. म्हणजे दोन्हीकडे कायद्याची नजर चुलीवर आहे. इकडे खान्देशात घरं वाढली ती भावाभावांनी. वडिलांनी १९७५ मध्ये खाली दोन खोल्या, हॉल आणि किचन बांधलं. थोरल्याचं लग्न झालं, वर मजला चढला. धाकटा न्यारा झाला, तेव्हा वरच्या मजल्यावर स्वयंपाकाचा दुसरा ओटा बांधला, बाहेरून लोखंडी जिना लावला, दुसरं गॅस कनेक्शन आलं. आता हे घर एका कुटुंबाचं की दोन? नगरपालिकेच्या रजिस्टरला एक मालमत्ता, शिधापत्रिका दोन, वीज मीटर दोन, सातबाऱ्यावर नावं वडिलांची आणि नंतर चार वारसांची. 'एक मुख्य इमारत' ही अट मात्र मोडली नव्हती, इमारत एकच होती. वरचा मजला भाड्यानं दिला तरी ती मोडत नव्हती.

मग त्याच तर्कानं पुढं विचारलं गेलं : एक मुख्य इमारत म्हणजे आठ फ्लॅटची एक इमारत का नाही? शब्दार्थानं पाहिलं तर इमारत एकच आहे. माझं मत विचाराल तर हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. त्याच वाक्यात आउटहाउस आणि नोकरचाकर आहेत. ज्यानं ते वाक्य लिहिलं त्याच्या डोळ्यांपुढं कंपाउंडमधलं एक घर होतं, हे उघड आहे. पण लिहिताना त्यानं ते इमारतीच्या भाषेत लिहिलं, माणसांच्या भाषेत नाही, आणि तिथंच कॉलनीची बाजू लंगडी झाली.

१९८० आणि ९० च्या दशकांत हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही, कारण बंगला पाडून फ्लॅट बांधणं परवडतच नव्हतं. नगरपालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर बहुतेक ठिकाणी एक एफएसआय (म्हणजे सगळे मजले मिळून प्लॉटच्या क्षेत्रफळाइतकंच बांधकाम), जमीन स्वस्त, आणि फ्लॅटमध्ये राहायची हौस नाही. सामासिक अंतर, म्हणजे आपण साइड मार्जिन म्हणतो ते, तेव्हा लोक स्वतःहून सोडायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो त्या मुलखात दोन भिंतींमधून वारा खेळणं ही गरज आहे, आणि काळ्या मातीत शेजाऱ्याच्या पायाला खेटून पाया घेतला की भिंतींना तडे जातात, हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक होतं. त्याच काळात शहराच्या कडेला दुसरंही काही घडत होतं. ज्यांना एन.ए. प्लॉट परवडत नव्हता त्यांनी गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे साध्या कागदावर घेतले. तिथं ना मार्जिन, ना ओपन स्पेस, ना आदेश. २००१ साली गुंठेवारी कायदा आला, १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामं नियमित करायची सोय झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं सरकली. त्या लोकांना हक्काचा कागद मिळायलाच हवा होता. पण अटी पाळून घर बांधणाऱ्याला आपली अट कुठं गेली, हे सांगायला कुणी आलं नाही, ही खंत जुन्या कॉलन्यांतून नेहमी ऐकू येते.

२००३ साली जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. धुळ्याला पुढं हद्दवाढीत वलवाडी, अवधान यांसारखी गावंही जोडली गेली, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या एन.ए. आदेशावर उभी असलेली घरं महापालिकेच्या बांधकाम नियमांखाली आली. आदेश तोच राहिला, पण तो राबवणारी कचेरी बदलली. त्यानंतर २०१७ साली महसूल संहितेत ४२-ब, ४२-क, ४२-ड ही कलमं आली. विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जी जमीन रहिवासासाठी दाखवली आहे, तिला वेगळी बिगरशेती परवानगी लागणार नाही, रूपांतरण कर वगैरे भरला की झालं. ४२-ड नं गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही ही वाट मोकळी केली. तलाठी आणि तहसील कार्यालयांतल्या वाऱ्या वाचल्या, त्याचा आनंद मलाही आहे. पण ज्या कागदात 'एक मुख्य इमारत' लिहिलं जायचं तो कागदच नव्या ले-आउटसाठी संपला. जुन्या आदेशांचं काय, हे त्या कलमांत कुठं सांगितलेलं नाही.

आणि मग २ डिसेंबर २०२० ची अधिसूचना. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून सगळ्या राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला तिनं मोठाच दिलासा दिला : नकाशा आणि शुल्क जमा केलं की पावती हीच परवानगी. साध्या माणसाच्या घरासाठी हे फार चांगलं झालं. बंगला कॉलन्यांना धक्का बसला तो एफएसआयच्या तक्त्यानं. महापालिका क्षेत्रात रस्ता ९ मीटरहून कमी असेल तर मूळ १.१०, पैसे भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणून त्यात भर नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर १.१०, शिवाय पैसे भरून ०.५० आणि टीडीआर ०.४०, एकूण २.००. त्यावर राहत्या इमारतींसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय. २५० चौरस मीटरच्या प्लॉटवर गणित कागदावर ८०० चौरस मीटरपर्यंत जातं. मार्जिन सोडून ते सगळं बसेलच असं नाही, पण बिल्डरला बंगला विकत घेऊन पाडणं परवडू लागलं ते इथून.

आता रस्त्याची गंमत पाहा. जुने ले-आउट फुटांत आखलेले. तीस फुटी रस्ता म्हणजे ९.१४ मीटर, तो रेषेच्या पलीकडे गेला. पंचवीस फुटी म्हणजे ७.६२ मीटर, तो अलीकडे राहिला. एकाच कॉलनीत, एकाच वर्षी, एकाच भावानं घेतलेल्या दोन प्लॉटपैकी एकावर चार-पाच मजले चढू शकतात आणि दुसऱ्यावर नाही, आणि याचा निर्णय पन्नास वर्षांपूर्वी कुठल्याशा सर्व्हेअरनं साखळी टाकून केलेला आहे. रुंदी मोजायची ती मंजूर ले-आउटवरून. जागेवर ओटे, रॅम्प आणि तुळशीवृंदावनं दोन्हीकडून पुढं आलेली असतात.

सध्याचा सगळ्यात वादाचा मुद्दा इथलाच आहे. अरुंद रस्त्याला ९ मीटरची नियमित रेषा ठरवून, दोन्ही बाजूच्या प्लॉटमधून पट्टी घेऊन तो रुंद धरायची सोय आहे. पंचवीस फुटी गल्लीत ती पट्टी येते साधारण सव्वादोन फूट प्रत्येकी. ज्याला विकायचं आहे तो म्हणतो, सव्वादोन फूट द्या, प्लॉटची किंमत वाढेल. ज्याला तिथंच म्हातारपण काढायचं आहे त्याच्या फाटकालगतचा मोगरा आणि पाण्याची टाकी त्या सव्वादोन फुटांत असते. रेषा ठरवायचा अधिकार महापालिकेचा. हरकती मागवल्या जातात, पण पुण्याला-अमेरिकेला गेलेल्या मुलांच्या नावावर झालेले प्लॉट हरकत घ्यायला येत नाहीत, ते फोनवर संमती देतात.

ज्या कॉलन्यांनी विरोध करायचं ठरवलं, त्यांच्यापुढं दोनच आधार आहेत. एक, संस्थेचा पोटनियम, जो संस्था जिवंत असेल, ऑडिट झालेलं असेल आणि जमीन अजून तिच्या नावावर असेल तर टिकतो. बऱ्याच संस्थांनी केव्हाच सभासदांच्या नावे खरेदीखतं करून दिली आणि दप्तर बासनात बांधलं. दुसरा आधार तोच जुना एन.ए. आदेश. त्याची नक्कल मिळवायला मंडळी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करतात. पिवळ्या पडलेल्या कागदावर, टाइपरायटरच्या अक्षरात ती ओळ अजून वाचता येते. बहुतेक नकलांमध्ये तिच्याखाली आणखी एक अट असते : बांधकाम नियोजन प्राधिकरणाच्या मंजुरीप्रमाणे करावे. शेजारी वरची ओळ अधोरेखित करून आणतो आणि नवा मालक खालची.