पहिल्या गिअरमधला ‘ठक्क’

ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात रात्री थोडा वेळ उभे राहा. वजनकाट्याकडे ट्रकांची रांग दहा-दहा फूट सरकत असते. ड्रायव्हर क्लच सोडतो, खालून ‘ठक्क’. पाय उचलतो, पुन्हा ‘ठक्क’. हीच गाडी बीडच्या पुढे हायवेला टॉप गिअरमध्ये लागली की गपगुमान पळते. मग मालक म्हणतो, “यार्डातच वाजती ना, चालू द्या.” पण दोष हायवेवर गेलेला नसतो, तो फक्त ऐकू येत नाही. याचं कारण गिअरच्या गणितात आहे.

इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब फिरता शाफ्ट), हाऊसिंगमधले (मागच्या चाकांमधल्या गोळ्यातले) क्राउन-पिनियन हे गिअर आणि एक्सल अशा वाटेने चाकापर्यंत जातो. गिअरचे दात एकमेकांत अगदी घट्ट बसवता येत नाहीत. तेलाच्या थराला आणि तापून फुगणाऱ्या लोखंडाला जागा लागते. झीज झाली की ही फट वाढते. मिस्त्री त्यालाच ‘प्ले’ म्हणतात. रेस दिली की दात एका बाजूला दाबलेले असतात. पाय काढला की उलट चाकंच इंजिनाला फिरवतात आणि दात दुसऱ्या बाजूला जाऊन टेकतात. फट ओलांडताना इंजिनावर काहीच भार नसतो. ते मोकळं धावतं आणि पलीकडच्या दातावर आपटतं.

आता हिशेब करू. गाडी सपाटीला, सगळ्या चाकांना ओंडके, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. हाऊसिंगच्या फ्लँजवर (जॉइंट जिथे बोल्टने बसतो ती फिरती चकती) आणि शेजारच्या न फिरणाऱ्या बॉडीवर खडूची एक सरळ रेघ ओढा आणि जॉइंट हाताने मागेपुढे फिरवा. फ्लँजवरची रेघ मध्यापासून ७५ मिमी अंतरावर १२ मिमी सरकली, तर तो प्ले सुमारे ९ अंश झाला. क्राउन-पिनियनचं प्रमाण ६:१ धरलं, तर चाकाकडे तो दीड अंश. टायरच्या कडेला जेमतेम १३ मिमी. बघणाऱ्याला काहीच वाटणार नाही. पण पहिल्या गिअरचं प्रमाण ७:१ असेल, तर त्याच ९ अंशांसाठी इंजिनाला ६३ अंश मोकळं फिरावं लागतं, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा! टॉप गिअर १:१ असेल तर तिथे फक्त ९ अंश. म्हणून धक्का यार्डात बसतो.

आणि तो एकदाच बसत नाही. आपटल्यावर जॉइंट स्प्रिंगसारखा पिळतो आणि उलगडतो, केबिन डुलते, ड्रायव्हरचा पाय रेसवर नाचतो, त्यामुळे पुढचा धक्का आणखी जोरात. टाच फ्लोअरला टेकवून पाय स्थिर ठेवला तर झटके कमी होतात. प्ले मात्र तेवढाच राहतो.

फ्लँज जागेवर आणि जॉइंट मात्र हलतो, तर दोष क्रॉसचा, म्हणजे जॉइंटच्या टोकाच्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याचा. त्याची चार टोकं बारीक सुयांच्या बेअरिंगच्या कपांत बसतात. कपाच्या सीलभोवती गंजासारखी लाल भुकटी दिसली, तर समजा आतल्या सुया ग्रीसवाचून कोरड्या पडल्या. असा क्रॉस सोडवून नखाने चाचपला की त्याच्या दांड्यावर सुयांचे बारीक, समांतर खड्डे हाताला लागतात. ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. तीनातून आलं म्हणून थांबलात तर चौथा कप उपाशी राहतो आणि तोच आधी जातो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ग्रीसच्या खर्चात हाऊसिंगचं मोठं काम टळू शकतं.

फ्लँजच फिरत असेल तर क्राउन-पिनियन, स्टार गिअर (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर) किंवा एक्सलच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) बघाव्या लागतील. पण त्याआधी पाट्यांचे यू-बोल्ट, म्हणजे एक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी आवळणारे बोल्ट तपासा. ते ढिले असले की एक्सलच पुढेमागे सरकतो आणि आवाज अगदी तसाच येतो. क्लच सोडताना एका ठोक्याऐवजी गाडी थरथर कापत निघाली, तर क्लच प्लेट आणि इंजिन फाउंडेशनकडे (इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांकडे) वळा.

जॉइंट खोलण्याआधी त्याच्या स्प्लाइनच्या, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या, दोन्ही भागांवर खूण करा. क्रॉस कोनात फिरताना दर फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तरच हा चढउतार एकमेकांना खोडून काढतो. जोडताना एक दात जरी चुकला, तर यार्डातला ठोका जाईल आणि हायवेवर थरथर सुरू होईल.