निर्वासित स्त्रियांचे मानसिक आरोग्य : नागपूर परिसर

फाळणी, युद्ध किंवा छळामुळे देश सुटलेल्या स्त्रियांच्या मनावरचे आघात आणि त्यावरील उपचारांची सोय, असा हा विषय. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांमुळे नागपुरात जरीपटका, खामला या वस्त्या वाढल्या. पुढेही पाकिस्तानातून सिंधी हिंदू येत राहिले. त्यांतली बरीच कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहत आली आहेत. विदर्भातच नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे पूर्व बंगालमधून आलेल्यांची गावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे संघर्षग्रस्त भागांत पाचांतील एका व्यक्तीला मानसिक विकार असतो. पण बाई दवाखान्यात ‘मन बिघडलंय’ म्हणून येत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, झोप लागत नाही, एवढेच ती सांगते. बीपी तपासून गोळ्या दिल्या जातात. जुन्या आघातापेक्षा आजचे ओझेही कमी नसते. व्हिसाची मुदत, नागरिकत्वाचा अर्ज, आणि सीमेपलीकडे राहिलेले माहेर. आई गेल्याची बातमी फोनवर येते. अंत्यदर्शनाला जाता येत नाही. अशा दुःखाला रडायलाही जागा मिळत नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी देशात वेगळा कायदा नाही. तरीही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचाराचा हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ देतो, निव्वळ नागरिकाला नव्हे. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यातच आहे. ही गोष्ट वस्त्यांत पोचायला हवी, कारण आजाराची नोंद कागदपत्रांना नडेल या धास्तीने बाई गप्प बसू शकते. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ‘मेडिकल’चा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा, मनोविकार विभाग आहे, ‘टेलि-मानस’ या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. मोफत कायदेशीर मदतीसाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

खरी अडचण दाराच्या आतली आहे. दुभाषा म्हणून नवरा किंवा मुलगा बसला, की घरातली मारहाण किंवा वाटेतला अत्याचार सांगितलाच जात नाही. म्हणून तिची भाषा बोलणारी, घराबाहेरची बाई हवी.

तज्ज्ञ कमी असले तरी काम अडत नाही. युगांडात दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांना गटात बसवून, ध्वनिमुद्रित सूचनांच्या आधारे, ताण हाताळण्याची पाच सत्रे देण्यात आली. चालवणाऱ्या बाया थोडक्या प्रशिक्षणाच्या होत्या, डॉक्टर नव्हत्या. तीन महिन्यांनंतर सहभागी स्त्रियांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी आढळला.