फोटोच्या पोटातली नामावळी

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांपुढे बसून मूळ गाव आणि आडनाव सांगितलं, की ते बासनातून एक जुनी वही काढतात. पणजोबा कोणत्या साली गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आले होते, बरोबर कोण होतं, कशासाठी आले होते, सगळं त्यात असतं. खाली त्यांची सही, बहुधा मोडीत. ही नामावळी. नोंद पक्की, पण वही गुरुजींच्या घरी. वाचायची तर तिथवर जावं लागतं आणि आधी आपण कोण ते सांगावं लागतं.

डिजिटल फोटोलाही अशी नामावळी असते. ती मात्र फोटोच्या पोटातच असते, त्याच्याबरोबर गावभर हिंडते, आणि ओळखदेख नसलेल्या कुणालाही उघडून वाचता येते.

मला हे माहीत होतं, पण नुसतंच माहीत होतं. सिंहस्थ पुन्हा दारात आला म्हणून पंचवटीतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी मागच्या पर्वण्यांचे घरगुती फोटो गोळा करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायचं ठरवलं. घरात कॉम्प्युटर कळणारा मी, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मावशीच्या कपाटातून एक हार्ड डिस्क निघाली. तिच्यात दोन फोल्डर, '२००३' आणि '२०१५'. मी '२०१५' उघडलं, २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीचा एक फोटो घेतला आणि खोडी म्हणून नोटपॅडमध्ये, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकला.

नोटपॅडमध्ये फोटो म्हणजे पानंच्या पानं कचरा: चौकटी, प्रश्नचिन्हं, कुठल्या कुठल्या लिपीतली अक्षरं. पण अगदी वरच्या दोन-चार ओळींत नजर फिरवली तर त्या कचऱ्यात शब्द सापडतात. आधी 'एक्झिफ' अशी चार इंग्रजी अक्षरं; हेच या नामावळीचं नाव. मग फोनच्या कंपनीचं नाव, मॉडेल, आणि मग २०१५:०८:२९ ०६:१२:४७. तारखेतसुद्धा रेघांऐवजी वरखाली दोन टिंबं, कारण नियमच तसा आहे. मावशीने त्या पहाटे कितव्या सेकंदाला बटण दाबलं, ते इतकी वर्षं तिथे लिहून ठेवलेलं होतं.

जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, आगगाडीसारखी असते, एकामागे एक डबे. बहुतेक डब्यांवर आधी दोन बाइटची खूण, मग डब्याची लांबी सांगणारी दोन बाइट. चित्र मागच्या डब्यांत. एक्झिफचा डबा इंजिनाला जवळजवळ लागून. लांबी लिहायला दोनच बाइट मिळत असल्याने हा डबा ६५,५३५ बाइटच्या पलीकडे वाढत नाही. आत नोंदींची यादी. एकेक नोंद १२ बाइटची: माहिती कसली, कोणत्या प्रकारची, किती, आणि इथेच आहे की पुढे अमुक ठिकाणी. जागेची, म्हणजे जीपीएसची, यादी वेगळी; मुख्य यादीत तिचा नुसता पत्ता असतो. म्हणून एखाद्या प्रोग्रामने मुख्य यादीतली ती एक ओळ खोडली आणि मागचा मजकूर तसाच ठेवला, तर वरवर पाहणाऱ्याला जागा दिसत नाही. खोदणाऱ्याला सापडते.

ही पद्धत १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आणली. रोलच्या काळात हौशी मंडळी खिशात वही ठेवून अ‍ॅपर्चर, शटर, लेन्स टिपून ठेवत; ते काम कॅमेऱ्याने करावं, इतकाच विचार. त्या वेळच्या कॅमेऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे बहुधा कळतच नव्हतं. ते कळायला लागलं कॅमेरा फोनमध्ये शिरल्यावर.

मावशीच्या फोटोत जागा होती २० अंश ० मिनिटं २९ सेकंद उत्तर, ७३ अंश ४७ मिनिटं ३३ सेकंद पूर्व. म्हणजे रामकुंड. नाशिकच्या अक्षांशावर एक सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २९ मीटर. फोन सेकंदाचेही शंभर भाग करून लिहितो, म्हणजे आव असा की फुटाफुटाचा हिशोब आहे. तसा तो नसतो. मोकळ्या आकाशाखाली काही मीटरची चूक राहतेच, आणि भद्रकालीतल्या एखाद्या बोळात, दोन्ही अंगांना उंच भिंती असल्या की उपग्रहांचे संदेश त्यांवर आपटून येतात आणि अंदाज आणखी घसरतो. पण एखादं घर ओळखायला काही मीटर पुष्कळ झाले.

जीपीएसच्या रकान्यात वेळही होती, ००:४२. आधी वाटलं फोनचं घड्याळ बिघडलेलं. मग लक्षात आलं, ती जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कॅमेऱ्याच्या घड्याळाला कुठल्या देशाची वेळ हे लिहायची सोय या पद्धतीत २०१६ पर्यंत नव्हतीच. म्हणजे अक्षांश-रेखांश पुसून ही वेळ मागे विसरली, तर दोन वेळांची वजाबाकी करून घड्याळ भारतातलं हे सांगता येतं.

आता, मावशी पर्वणीला रामकुंडावर होती हे जगाला कळलं म्हणून काही बिघडत नाही. त्या दिवशी तिथे अख्खं गाव होतं. अडचण पुढच्या फोटोंची. स्नान करून आल्यावर दारात काढलेला एक, संध्याकाळी ओट्यावरचा एक, दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीपाशी एक. तिन्हींत जागा तीच. वेगवेगळ्या वेळी एकच ठिकाण पुन्हा पुन्हा आलं, की ते घर. हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या ओवेन मंडी यांनी २०१४ मध्ये लोकांनी उघडपणे टाकलेले मांजरांचे दहा लाख फोटो त्यांच्या पोटातल्या जागेवरून नकाशावर मांडले होते. मांजर कुठे राहतं ते कळलं म्हणजे मालक कुठे राहतो तेही कळलं. मावशी हल्ली एकटी असते.

पुसायचं कसं, तर अवघड काही नाही. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, आणि तळाशी वैयक्तिक माहिती काढण्याची ओळ. ती काढता येईल तेवढं काढून वेगळी प्रत करून देते. 'काढता येईल तेवढं' हे शब्द मनावर घ्यावेत. आयफोनवर फोटो पाठवताना वर 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करता येतं. शेकड्यांनी फोटो असतील तर एक्झिफटूल. फिल हार्वी यांनी २००३ पासून वाढवत नेलेला हा फुकट प्रोग्राम दिसायला रुक्ष, काळी खिडकी आणि टाइप केलेली आज्ञा. पण या कामात त्याच्याइतकं खोलवर जाणारं दुसरं मी पाहिलेलं नाही. तो डबाच काढतो, चित्राला हात लावत नाही, त्यामुळे फोटोची प्रत खालावत नाही. स्क्रीनशॉट घेऊनही जुनी माहिती गळून जाते खरी, पण चित्र बारीक होऊन हाती येतं.

मी एक्झिफटूलला सांगितलं, सगळं पुसून टाक. त्याने पुसलं. फोल्डर उघडतो तर निम्मी माणसं आडवी. मावशी आडवी, कळस आडवा, ध्वजाचा खांब जमिनीला समांतर. फोन उभा धरला तरी चित्र आडवंच साठतं आणि 'दाखवताना वळवा' ही सूचना त्याच एक्झिफमध्ये असते. ती गेली. काही फोटोंत रंगही उतरले, कारण रंग कसे वाचायचे याची नोंदही बरोबर धुतली गेली होती. या दोन गोष्टी ठेवून बाकीचं काढ, असं सांगावं लागतं.

दुसरा घोळ भाच्याने पकडला. सगळं झिप करून त्याच्याकडे पाठवलं तर त्याचा फोन: "मामा, यात प्रत्येक फोटो दोन-दोनदा का आहे?" एक्झिफटूल सज्जन आहे. बदल करताना मूळ फाइल नावापुढे 'ओरिजिनल' असं शेपूट लावून शेजारीच ठेवतो. मी झाडलोट करून केर पुन्हा त्याच पिशवीत भरून दिला होता. तेव्हापासून मूळ फोटो एका डिस्कवर, बाहेर जाणाऱ्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि पाठवण्याआधी एक प्रत उलट उघडून बघणं.

मुळात सगळंच पुसायला निघणं हा माझा आळस होता. गावाचा संग्रह करताना तारीख आणि जागा हाच तर ऐवज. रामकुंडाच्या फोटोतून त्या काढल्या तर वीस वर्षांनी तो कुठल्याही घाटावरचा कुठलाही फोटो. शेजाऱ्यांनी बरेच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. तिथे फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ गळून जातं, चित्रही आक्रसतं. बऱ्याचदा नावात तारखेचा आकडा तेवढा उरतो, तोही फोटो काढल्याचा नव्हे, पाठवल्याच्या दिवसाचा. मी त्यांना उलट सांगितलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे सगळं शाबूत येईल. मग राखायचं काय नि पुसायचं काय, याची जबाबदारी अर्थात आमची.

एका स्टुडिओवाल्यांच्या फोटोंत कॉपीराइटच्या रकान्यात त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर निघाला. मी तोही उडवणार होतो. पण ती त्यांनी मुद्दाम केलेली सही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५बी नुसार हक्काची अशी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं गुन्हा आहे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, नाव राहू द्या, नंबर काढा, तो कधीच बंद झाला.

'२००३' फोल्डरची तऱ्हा वेगळी. मामाचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यात जीपीएस नाहीच. तारीख मात्र प्रत्येक फोटोवर १ जानेवारी २००२, कारण बॅटरी उतरली की त्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू व्हायचं. नामावळीतही खोटं लिहिलेलं असू शकतं. मुद्दाम बदलणाऱ्यालाही कुणी अडवत नाही. खरी तारीख मावशीने सांगितली, साडीवरून. "ही नागपंचमीला पहिल्यांदा नेसले होते." एका फोटोची तारीख पक्की झाली की घड्याळ किती चुकलं ते कळतं, आणि त्याच खेपेच्या बाकी फोटोंना तोच फरक लावता येतो.

याच फोल्डरमध्ये एका मावसबहिणीच्या साखरपुड्याचा फोटो होता. ते लग्न पुढे मोडलं. तिने तेव्हाच तो फोटो कापून स्वतःपुरता ठेवला होता. पण एक्झिफच्या डब्यात १६० बाय १२० ठिपक्यांचं एक चिमुकलं चित्रही असतं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पटकन दाखवण्यासाठी. त्या काळच्या काही प्रोग्रामांनी मोठं चित्र कापलं तरी हे बदललं नाही. मी बघतो तर गृहस्थ फेटा बांधून हसत उभे. बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "अजून आहे का तो!" आणि इतकी हसली की मी पुसायची परवानगी घ्यायलाच विसरलो.

डबा पूर्ण काढल्यावरही फोटो अगदी निनावी होत नाही, हेही सांगायला हवं. नाशिकरोडच्या प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक नोटेवर वेगळा नंबर असतो. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरही तसं काही असतं, फक्त ते कुणी छापलेलं नसतं. लाखो ठिपक्यांपैकी काही किंचित जास्त उजेड टिपतात, काही कमी. बनवतानाच राहिलेली ही असमानता प्रत्येक चित्रात पुसटशी उतरते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात जेसिका फ्रिड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिच्यावरून फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे ओळखून दाखवलं. त्यासाठी तोच कॅमेरा किंवा त्याचे बरेच फोटो हाताशी लागतात, म्हणून सिंहस्थाचे फोटो टाकणाऱ्याने याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

त्यापेक्षा चित्राकडे नीट बघावं. मावशीच्या दारातल्या फोटोतून मी जागा काढली, वेळ काढली, फोनचं मॉडेल काढलं, छोटं चित्र काढलं. आणि मग फोटो मोठा करून पाहिला, तर दारावर पाटी. काकांचं पूर्ण नाव, खाली घर नंबर. शेजारी विजेचा मीटर. मी पाटीवर काळा चौकोन टाकून मावशीला दाखवला. नुसतं धूसर केलेलं अक्षर कधीकधी परत ओळखता येतं, म्हणून काळाच.

तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "ह्यांचं नाव कशाला झाकलंस?"

कारण सांगितलं. ते तिला पटलंही. पण चौकोन तिला नको होता, आणि पाटीसकट फोटो मला द्यायचा नव्हता. शेवटी तो संग्रहात गेला नाही. तिच्या डिस्कवर आहे, सगळ्या नोंदींसकट, सकाळी आठ वाजून एकतीस मिनिटांचा.