गहू सोडला, पण कशासाठी? थायरॉइड आणि सिलिॲक

"म्या तं गहू सोडला, वहिनी." गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलं, एसटीत ऐकलं, सरकीच्या ढेपेच्या रांगेतसुद्धा ऐकलं. दरवेळी मी एकच विचारते, कशासाठी सोडला? थायरॉइडसाठी की सिलिॲकसाठी? उत्तरही दरवेळी तेच येतं: "एकच तं हाय ना ते." एक नाही. आणि एकच समजल्यामुळे माणसांचे हाल झालेले मी जवळून पाहिलेत, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

आमच्या घरात दोन्ही आहेत. मला थायरॉइड आहे, बारा वर्षं झाली गोळी सुरू आहे. माझ्या नणंदेची मुलगी शिकायला आमच्याकडे असते, तिला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हानं आतडं खराब होण्याचा आजार. मी पोळी खाते. ती पोळीचा घासही खात नाही.

थायरॉइडचं फार सांगायला नको, ते घरोघरी आहे. गळ्यातली ग्रंथी कमी काम करते, टीएसएच (ग्रंथीला काम करायला सांगणारा संप्रेरक, रक्तात मोजतात) वर जातो, थकवा येतो, वजन वाढतं, केस गळतात. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर ती चार तास लांब ठेवायची. बऱ्याच जणींच्या थायरॉइडचं मूळ हाशिमोटो या विकारात असतं. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकं समजून तिच्यावर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून ते नाव.

सिलिॲकमध्येही यंत्रणा अशीच उलटते, पण लहान आतड्यावर. आणि इथं तिला चिथावणारा कोण हे पक्कं माहीत आहे: ग्लूटेन नावाचं प्रथिन. गहू, जव आणि राय (इंग्रजीतलं rye, मोहरी नव्हे) या धान्यांत ते असतं. कणीक मळली की तिला जो ताण येतो, पोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, ती करामत ग्लूटेनची. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकर पोळीसारखी पातळ लाटता येत नाही, हातानं थापावी लागते. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात हे ग्लूटेन गेलं की आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते. अन्नातलं लोह, कॅल्शियम सगळं त्या लवेतूनच अंगी लागतं. ती झडली की माणूस जेवतो, पण अंगी काही लागत नाही. नेदरलँड्समधले विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ या गव्हाच्या मागावर होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली.

लक्षणांच्या तुलनेत मी फार शिरत नाही. थकवा, रक्त कमी, केस गळणं, पाळीचा गोंधळ हे दोन्हीकडे दिसतं, त्यावरून घरबसल्या काही ठरवता येत नाही.

खरा घोळ आहे तो औषध कोणतं यात.

सिलिॲकमध्ये गहू बंद करणं हेच औषध. दुसरी गोळी नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद केलं की लव पुन्हा उगवते, रक्त वाढतं, मूल उंचीला लागतं. थायरॉइडमध्ये औषध म्हणजे गोळी. ग्रंथी जे बनवायला हवं ते बनवत नाही, तो तुटवडा गोळी भरून काढते. पोळीच्या जागी भाकर ठेवल्यानं तो भरत नाही. विहिरीवरची मोटर जळाली असेल तर पाइप बदलून ओलित होत नाही, मोटरचंच पाहावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी हे उलटं धरलं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी गहू सोडला. दोन आठवड्यांत पोट हलकं वाटलं आणि त्या म्हणाल्या, "गहूच सोडला, आता गोळी काऊन घ्याची?" चार महिन्यांनी मी त्यांना पाहिलं तेव्हा डोळ्यांखाली सूज, आवाज जाड झालेला, चैत्राच्या उन्हात अंगावर स्वेटर. टीएसएच साठच्या वर गेला होता. गोळी पुन्हा सुरू झाली, दोनेक महिन्यांनी त्या सावरल्या. भाकरीनं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते गोळी सुटल्यानं.

पोट हलकं का वाटलं, याचं साधं कारण आहे. गहू सोडला की त्याच्यासोबत टोस्ट, बिस्किटं, समोसा, खारी सगळंच सुटतं. शिवाय गव्हात फ्रुक्टन नावाचा घटक असतो, काहींना त्यानं गॅस होतो. त्याचा ग्रंथीशी संबंध नाही. हाशिमोटो असलेल्यांनी ग्लूटेन बंद करून काय होतं यावर काही छोटे अभ्यास झालेत, पण ज्यांना सिलिॲक नाही त्यांचा थायरॉइड गहू सोडून बरा होतो असा भक्कम पुरावा त्यातून हाती आलेला नाही. म्हणून "थायरॉइडला गहू चालत नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं की मला राग येतो. चालतो. सिलिॲक नसेल तर चालतो.

मग सिलिॲक आहे की नाही हे कळणार कसं? तपासणीनं. आणि ती तपासणी गहू खात असतानाच करायची असते. आमच्या घरचं एक वर्ष वाया गेलं ते हे माहीत नसल्यामुळे.

भाची नववीत होती. रक्त सात-आठच्या वर जाईना. विदर्भात रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेल पाहतात आणि ते बरोबरच आहे, तो आजार आपल्याकडे खूप आहे. तिचा तो अहवाल चांगला आला. जंताची गोळी झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, काही फरक पडेना. मग एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून नणंदबाईंनी तिचा गहू बंद केला. पोरगी जरा टवटवीत दिसू लागली. दोन-तीन महिन्यांनी शहरात दाखवलं, टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी झाली आणि अहवाल आला नॉर्मल. "सिलिॲक नाही," असं सांगून परत पाठवलं. गहू पुन्हा सुरू झाला. पुढच्या वर्षी पोरगी पार आडवी झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी जुना अहवाल पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही तपासणी झाली तेव्हा मुलगी गहू खात होती का?"

टीटीजी तपासणीत मोजतात ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं तयार केलेली प्रतिपिंडं. ग्लूटेन आत येत असतं तोवर ती बनतात. गहू थांबला की ती हळूहळू उतरतात, आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. आता गहू सुरू होता, तर तोच आकडा कितीतरी पट वर आला. मग दुर्बिणीनं लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान पक्कं झालं. ज्यांनी आधीच गहू सोडलाय त्यांना डॉक्टर सहसा किमान सहा आठवडे रोज गहू खाऊन मग तपासणी करायला सांगतात. हे स्वतःच्या मनानं करू नका, लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच. टीटीजीसोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार, टीटीजी त्यावरच मोजतात) हेही तपासायला सांगा, कारण काहींच्या अंगात आयजीएच कमी असतं आणि मग टीटीजी खोटा दिलासा देतो.

थायरॉइडचं असं नाही. गहू खाल्ला काय, न खाल्ला काय, तपासणीसाठी ताटात बदल करावा लागत नाही.

आता किती सोडायचं? मी उद्या गहू कमी केला तर कमी म्हणजे कमी. सणाला पुरणपोळी खाल्ली, हनुमान जयंतीच्या पंगतीत रोडगे खाल्ले, तरी माझ्या ग्रंथीला त्याचं काही नाही. भाचीच्या बाबतीत कमी हा शब्दच नाही. बाजारात ज्या पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहिता येतं, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. किलोभर पिठात चिमटीपेक्षाही कमी. हे लक्षात आलं आणि मी गावातली चक्की नव्यानं पाहिली. सकाळी आधी गव्हाची दळणं, मग त्याच दगडातून ज्वारी. डब्यात पडणाऱ्या पहिल्या दोन-तीन किलोत आधीच्या गव्हाचं पीठ आलेलंच असतं. भाची भाकरच खात होती आणि तरी तिचा आकडा खाली येत नव्हता, तो या चक्कीमुळे.

शेवटी सासूबाईंनी माळ्यावरचं जातं काढलं. टाकी घालून घेतलं, दोनदा तांदूळ दळून ते टाकून दिले, आणि तेव्हापासून त्यावर फक्त ज्वारी आणि तांदूळ. ज्वारीही आधी सुपात निवडायची, कारण मळणीयंत्र तेच असतं, गव्हाचे दाणे सापडतात. तिचा तवा वेगळा, परात वेगळी. भाकर तुटू नये म्हणून नव्या सुना ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालतात, ते आमच्याकडे बंद. फोडणीतला डबीतला हिंगसुद्धा पाहून घ्यावा लागतो, त्यात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कुरडया तळलेल्या तेलात तिचे पापड तळत नाही. उन्हाळ्यातला सातू नाही, कारण आमच्याकडे त्यात गहू भाजून घालतात. रवा म्हणजे गहू, शेवया म्हणजे गहू, दलिया म्हणजे गहू. हे मला शिकलेल्या माणसांनाही सांगावं लागतं. पोहे, साबुदाणा, भगर, ज्वारीच्या कण्या, बेसन, सगळ्या डाळी चालतात, फक्त दळण वेगळं हवं.

आणि खपली. "खपली गहू देशी असतो, त्यात ग्लूटेन नसतं," असं सांगून सिलिॲकच्या पोरांना खपलीची खीर भरवणारे लोक मी पाहिलेत. खपलीत ग्लूटेन असतं. बन्सी गव्हातही असतं. कणीक आंबवली तरी असतं. देशी असल्यानं ते कमी विषारी होत नाही. थायरॉइडवाल्यांनी खपली हवी तेवढी खावी, चवीला छानच आहे. सिलिॲकवाल्यांनी हात लावू नये.

दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, हेही खरं. हाशिमोटो असलेल्या शंभरात थोड्याच जणांना सिलिॲक असतं, पण इतर लोकांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे. म्हणून लोह घेऊनही रक्त वाढत नसेल, वजन उतरत असेल, जुलाब मागे लागले असतील किंवा थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढत जाऊनही टीएसएच खाली येत नसेल, तर डॉक्टरांना टीटीजीचं विचारा. आतडं खराब असेल तर गोळीही नीट शोषली जात नाही. सिलिॲक निघालं तर आई-वडील, भावंडं यांचीही तपासणी करावी लागते. आमच्या नणंदबाईंची आणि भाच्याची झाली, दोघांचीही निगेटिव्ह आली.

डोस वाढतोय म्हणून लगेच घाबरू नका. आधी घरातलं पीठ पाहा. आपल्याकडे सोयाबीन घरचं, म्हणून कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळायची सवय लागली आहे. सोयामुळे गोळीचं शोषण कमी होतं. माझा टीएसएच मध्यंतरी वर गेला होता, तेव्हा सकाळी सातला गोळी घेऊन साडेसातला मी त्याच पिठाचे धिरडे खात होते. गोळी तीच ठेवली, नाश्ता लांबवला, सोया सकाळच्या खाण्यातून काढलं. पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. टीटीजीही करून घेतली होती, ती निगेटिव्ह होती. तेव्हापासून माझी सकाळी पोळी, रात्री भाचीसोबत जात्यावरच्या पिठाची भाकर, ती मला आवडते म्हणून.