भाषाविकाराची मोजणी आणि वगळलेली मुले

बालपणातील भाषाविकाराचे प्रमाण किती, या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीन दशकांत बदलत गेले, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे कोणत्या मुलांना मोजणीत घ्यायचे याविषयीची संशोधकांची भूमिका बदलत गेली.

१९९७ साली ब्रूस टॉम्बलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा परिसरातील बालवाडीच्या ७,२१८ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रवणदोष, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुले बाजूला ठेवून, केवळ भाषेतच मागे असलेल्या मुलांचे प्रमाण त्यांनी ७.४ टक्के नोंदवले. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, यांतील जेमतेम २९ टक्के मुलांच्या पालकांना आपल्या मुलाला बोलण्याची वा भाषेची अडचण असल्याचे आधी कोणी सांगितले होते. ‘वही काढ, तारीख लिही आणि मग चित्र काढ’ असे सांगितल्यावर केवळ चित्र काढणारे मूल वर्गात बेफिकीर किंवा चंचल ठरते. त्याला लांब वाक्य पेलत नाही, हे सहसा लक्षातच येत नाही.

अशा चंचलतेमागे कधी भाषाविकार असतो, कधी अतिचंचलता (एडीएचडी हा लक्ष व हालचालींवरील नियंत्रणाचा विकार), तर पुष्कळदा दोन्ही. तरीही निदानाच्या चौकटी दीर्घकाळ एका मुलाला एकच नाव देण्याकडे झुकलेल्या होत्या. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीनुसार स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाला अतिचंचलतेचे वेगळे निदान देता येत नसे. हा निर्बंध २०१३ मध्ये उठला.

इंग्लंडमधील सरे परगण्यात कोर्टनी नॉरबरी यांच्या गटाने शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा वगळण्याची ही प्रथा त्यांनी मोडली, आणि माझ्या मते या इतिहासातील निर्णायक पाऊल तेच होय. २०१६ मधील त्यांच्या निष्कर्षांत अज्ञात कारणाचा भाषाविकार ७.५८ टक्के, तर बौद्धिक अक्षमता किंवा अन्य वैद्यकीय निदानासोबतचा भाषाविकार २.३४ टक्के आढळला. म्हणजे एकूण सुमारे दहा टक्के. अशाब्दिक बुद्धिमत्ता (भाषेवर अवलंबून नसलेल्या चाचण्यांनी मोजलेली) सरासरीपेक्षा काहीशी कमी असलेल्या मुलांची भाषिक अडचण सरासरी बुद्धिमत्तेच्या मुलांपेक्षा अधिक तीव्र नव्हती, त्यामुळे भाषाविकाराच्या निदानासाठी मुलाचा अशाब्दिक बुद्ध्यंक सरासरीच्या पातळीवर असावा, ही जुनी अट टिकणे कठीण झाले. त्याच सुमारास डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी सहमतीने ती अट सोडली आणि अतिचंचलता किंवा वाचनदोष सोबत असला तरी भाषाविकाराचे निदान करता येईल, असे ठरवले.

भारतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात वाचा-भाषा विकारांसह नऊ विकासात्मक स्थिती एकत्र तपासल्या गेल्या. त्यांपैकी एखादी स्थिती असलेल्या मुलांतील सुमारे एक पंचमांश मुलांना एकाहून अधिक स्थिती होत्या, म्हणून एक निदान मिळाल्यावर तपासणी तिथेच थांबवणे या मुलांच्या बाबतीत अपुरे ठरते.