टनांचा हिशेब, मतांचा हिशेब

१९७० च्या दशकाचा उत्तरार्ध. कॅलिफोर्नियातली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक (पीजी अँड ई) ही वीजकंपनी कोळशाची आणि अणुऊर्जेची मोठमोठी केंद्रं बांधायच्या तयारीत होती. विरोधाची तिला सवय होती. राज्याच्या नियामक आयोगासमोर एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड (ईडीएफ) या संस्थेची जोडी उभी राहिली, तिची मात्र सवय नव्हती. डेव्हिड रो हा वकील आणि झॅक विली हा अर्थतज्ज्ञ. दोघांनी विजेची मागणी, कर्जावरचं व्याज, इंधनाचा भाव, भागधारकांचा परतावा असा कंपनीचाच हिशेब कॉम्प्युटरवर घातला आणि दाखवून दिलं, की विजेची बचत, पवनऊर्जा, कारखान्यांतल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरची वीज अशा लहान लहान तुकड्यांतूनही गरज भागते आणि कंपनीच्या हाती पैसाही जास्त उरतो. कंपनीने सुरुवातीला हे उडवून लावलं. काही वर्षांतच तिचा स्वतःचा आराखडा बराचसा त्याच वळणावर गेला.

अमेरिकेतल्या पर्यावरण संस्था आज हवामान बदलाच्या धोरणावर जे काम करतात, म्हणजे कायद्यांच्या मसुद्यात कलमं सुचवणं, करसवलतींसाठी खटपट, मिथेनची मोजणी, त्याची मुळं या आकडेमोडीत सापडतात. आणि त्यांच्या अपयशाचीही थोडीफार. प्रदूषणाच्या टनांच्या हिशेबात या संस्था पटाईत झाल्या, मतांच्या हिशेबात कच्च्या राहिल्या, असं माझं मत आहे. पुढचा इतिहास त्याच अंगाने सांगतो.

ईडीएफचा जन्म कार्बनपोटी झाला नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डासांसाठी डीडीटी फवारलं जात होतं आणि मासे खाणाऱ्या ऑस्प्रे पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती. १९६६ मध्ये काही शास्त्रज्ञांच्या मदतीने एका वकिलाने डास नियंत्रण मंडळाला कोर्टात खेचलं आणि १९६७ मध्ये त्यातूनच संस्था उभी राहिली. देशभर डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये. शास्त्रज्ञाने पुरावा द्यायचा, वकिलाने तो न्यायाधीशापुढे ठेवायचा, ही पहिल्या पिढीची पद्धत. कॅलिफोर्नियात त्यात अर्थतज्ज्ञाची भर पडली.

या पद्धतीचा खरा कस लागला आम्लवर्षेच्या प्रश्नात. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात १९६३ पासून पावसाचे नमुने तपासले जात होते आणि ते कमालीचे आम्लधर्मी निघत होते. अॅडिरॉन्डॅक डोंगरांतल्या कित्येक तळ्यांत मासे उरले नव्हते. दोष होता शेकडो मैलांवरच्या ओहायो खोऱ्यातल्या कोळसा केंद्रांचा, त्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा. गंमत अशी, की १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानेच हा प्रश्न चिघळवला होता. कायदा मोजायचा ती आसपासची हवा, म्हणून कंपन्यांनी चिमण्या उंच केल्या. गावाची हवा सुधारली, गंधक वाऱ्याबरोबर पुढच्या राज्यात गेलं.

१९७७ च्या दुरुस्तीने नव्या केंद्रांना धूर धुणारी यंत्रं, म्हणजे स्क्रबर, बसवणं जवळपास सक्तीचं केलं, कोळशात मुळात गंधक कमी असलं तरीही. या कलमासाठी पर्यावरणवादी आणि पूर्वेकडच्या गंधकयुक्त खाणींचे हितसंबंधी एकाच बाजूला होते. खाणवाल्यांना भीती होती, की कंपन्या पश्चिमेकडचा स्वच्छ कोळसा आणतील आणि आपल्या खाणी बंद पडतील. अशी विचित्र आघाडी या इतिहासात पुन्हा भेटते.

१९८० चं दशक जवळपास वाया गेलं. रेगन सरकारला नवा कायदा नको होता आणि सिनेटमध्ये कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते होते. फ्रेड क्रप १९८४ मध्ये ईडीएफचे प्रमुख झाले. दोनच वर्षांनी त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून मांडलं, की पर्यावरणवाद्यांनी नुसता विरोध न करता उद्योगांच्या गरजाही लक्षात घेऊन उपाय सुचवावेत. १९८८ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर टिम वर्थ आणि रिपब्लिकन सिनेटर जॉन हाइन्झ यांच्या पाठबळावर, अर्थतज्ज्ञ रॉबर्ट स्टेव्हिन्स यांच्या देखरेखीखाली ‘प्रोजेक्ट ८८’ हा अहवाल निघाला. बाजारातून प्रदूषण कसं कमी करता येईल, हा त्याचा विषय. थोरले जॉर्ज बुश अध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाउसने हा विचार उचलला आणि मसुदा तयार होताना ईडीएफचे अर्थतज्ज्ञ डॅन डुडेक जवळ होते.

रचना समजायला सोपी आहे. देशातल्या वीज केंद्रांनी मिळून किती सल्फर डायऑक्साइड सोडायचा, याची कमाल मर्यादा सरकारने ठरवली आणि तेवढ्याच टनांचे परवाने (एका टनाला एक) वाटले. समजा, एका केंद्रातून वर्षाला ५०,००० टन वायू निघतो आणि त्याच्या वाट्याला ३०,००० परवाने आले. मग त्याने स्क्रबर बसवावा, कोळसा बदलावा किंवा ज्याच्याकडे परवाने उरलेत त्याच्याकडून २०,००० विकत घ्यावेत. मर्जी त्याची. पण वर्षअखेरीस हिशेब जुळला नाही, तर जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० डॉलर दंड, शिवाय पुढच्या वर्षीच्या परवान्यांतून कपात.

अनेक पर्यावरणवाद्यांना ही कल्पना किळसवाणी वाटली. प्रदूषणाचा हक्क विकायला काढता काय, हा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता. त्याला उत्तर मिळालं ते बाजारातून नाही, कायद्यातल्या एका रूक्ष कलमातून. प्रत्येक चिमणीत सतत मोजणारं यंत्र बसवायचं आणि तासातासाचे आकडे केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे (ईपीए) पाठवायचे. मर्यादा, परवाने, दंड हे सगळं या यंत्राच्या जिवावर उभं होतं. कोणी किती सोडलं यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

१५ नोव्हेंबर १९९० रोजी बुश यांनी कायद्यावर सही केली. सिनेटने आपला मसुदा ८९ विरुद्ध ११ मतांनी संमत केला होता. बर्ड यांच्या जागी मेन राज्याचे जॉर्ज मिचेल बहुमताचे नेते झाले होते आणि आम्लवर्षा त्यांच्या स्वतःच्या राज्यात पडत होती. पहिला टप्पा १९९५ मध्ये ११० सर्वाधिक प्रदूषक केंद्रांपासून सुरू झाला. टनामागे १,००० डॉलरच्या वर खर्च येईल अशी भीती उद्योगांकडून घातली जात होती. प्रत्यक्षात १९९० च्या दशकात परवान्याचा भाव बहुतेक काळ २०० डॉलरच्या आत राहिला. वीज केंद्रांचं उत्सर्जन १९८० मध्ये सुमारे १.७ कोटी टन होतं, ते २०१० मध्ये ५१ लाखांच्या आसपास आलं.

या यशाचं सगळं श्रेय बाजाराला देण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. १९८० मध्ये रेल्वे भाड्यावरची सरकारी बंधनं सैल झाली आणि वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्याचा कमी गंधकाचा कोळसा पूर्वेकडे स्वस्तात पोचू लागला. स्वस्ताईतला मोठा वाटा त्या मालगाड्यांचा होता. नंतरच्या कडक नियमांचाही हात होताच.

पण धडा घेतला गेला तो बाजाराचा. हवामान बदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारात उत्सर्जन व्यापाराची कलमं अमेरिकेच्या आग्रहाने आली. युरोप तेव्हा नाक मुरडत होता. पुढे अमेरिका करारात उतरलीच नाही आणि २००५ मध्ये कार्बनचा मोठा बाजार सुरू केला तो युरोपनेच. मतांचा हिशेब इथे पहिल्यांदा उघडा पडला. क्योटोच्या काही महिने आधीच, विकसनशील देशांवर बंधनं नसलेला करार आम्हाला मान्य नाही, असा ठराव सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता. ठराव मांडणाऱ्या दोघांपैकी एक तेच रॉबर्ट बर्ड.

दरम्यान १९९६ मध्ये बॉस्टनमध्ये क्लीन एअर टास्क फोर्स ही छोटी संस्था निघाली. तिचं लक्ष्य होतं जुनी कोळसा केंद्रं. १९७० च्या कायद्याने त्यांना नव्या केंद्रांच्या कडक नियमांतून सूट दिली होती, कारण ती लवकरच म्हातारी होऊन बंद पडतील असं सगळे धरून चालले होते. सूट मिळाल्यावर कोण बंद पडतं? डागडुजी करत ती दशकानुदशकं चालत राहिली.

कार्बनसाठी १९९० ची पुनरावृत्ती करण्याचा मोठा प्रयत्न २००७ मध्ये झाला. ईडीएफ, नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल (एनआरडीसी) आदी पर्यावरण संस्था आणि ड्यूक एनर्जी, ड्यूपाँट, जनरल इलेक्ट्रिक, बीपी अमेरिका अशा कंपन्यांनी मिळून ‘यूएसकॅप’ ही आघाडी केली. संस्थापकांच्या यादीत, २००८ मध्ये दिवाळं निघालेल्या लेहमन ब्रदर्स या बँकेचंही नाव होतं, यावरून काळाची कल्पना यावी. त्याच वर्षी कार्बन डायऑक्साइड हा स्वच्छ हवा कायद्याखाली येणारा प्रदूषक ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. कार्बनवर मर्यादा आणि परवाने आणणारं वॅक्समन-मार्की विधेयक २६ जून २००९ रोजी प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ असं काठावर पास झालं. फेब्रुवारी २०१० मध्ये बीपी, कोनोकोफिलिप्स आणि कॅटरपिलर आघाडीतून बाहेर पडले. सिनेटमध्ये ६० मतं हवी होती, ती कधी दिसलीच नाहीत आणि जुलै २०१० मध्ये विधेयक बारगळलं.

राज्यशास्त्रज्ञ थेडा स्कॉचपोल यांनी २०१३ मध्ये या अपयशाची चिरफाड केली. बंद खोलीत कंपन्यांशी सौदा झाला, मतदारसंघांत मात्र कोणी पाया घातला नाही, असा त्यांचा रोख होता. मला तो पटतो. आम्लवर्षेच्या वेळी मेलेली तळी समोर होती आणि प्रदूषक मोजके होते. कार्बनच्या वेळी प्रत्येकाच्या वीजबिलाचा आणि पेट्रोलचा प्रश्न होता.

कायदा बुडाल्यावर सिएरा क्लब या जुन्या पर्यावरण संस्थेची ‘बियाँड कोल’ मोहीम पुढे आली. ती एकेका केंद्राच्या मागे, एकेका राज्याच्या आयोगासमोर लागायची. २०११ मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी तिला ५ कोटी डॉलर दिले. मात्र २००७ ते २०१० या काळात याच क्लबने चेसापीक एनर्जी या गॅस कंपनीशी संबंधित मंडळींकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक देणग्या घेतल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. कोळशाविरुद्ध गॅसवाले सोबत, ही पुन्हा तीच विचित्र आघाडी. अमेरिकेची निम्मी वीज २००५ मध्ये कोळशावर होती, २०२३ मध्ये सुमारे १६ टक्के. मोहिमेचा त्यात वाटा आहे, पण स्वस्त झालेल्या गॅसचा त्याहून मोठा.

आणि गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. हा वायू २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. विहिरीपासून वीज केंद्रापर्यंत सुमारे ३ टक्क्यांहून जास्त गॅस गळला, तर नजीकच्या काळापुरता कोळशाऐवजी गॅस जाळण्याचा हवामानाला फायदाच उरत नाही. मग गळतो किती? कंपन्यांचे आकडे ठरावीक गुणकांवर बेतलेले असत. ईडीएफने २०१२ पासून अनेक विद्यापीठांना हाताशी धरून विमानांनी, गाड्यांनी, जमिनीवरून मोजणी करवली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के, ईपीएच्या अंदाजापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. मार्च २०२४ मध्ये संस्थेने मिथेनसॅट हा स्वतःचा उपग्रह सोडला. जून २०२५ मध्ये त्याचा संपर्क तुटला. चिमणीतल्या यंत्राचं काम आकाशातून करण्याचा तो प्रयत्न होता आणि सव्वा वर्षात त्याने बराच डेटा पाठवला.

अणुऊर्जेवर मात्र या संस्थांचं आपसांत कधी जमलं नाही. पीजी अँड ईच्याच डायब्लो कॅन्यन अणुकेंद्रावरून सिएरा क्लबमध्ये वाद पेटला आणि त्यानंतर क्लबचे तोवरचे प्रमुख डेव्हिड ब्राउअर यांनी १९६९ मध्ये फ्रेंड्स ऑफ द अर्थ काढली. हीच संस्था आणि एनआरडीसी २०१६ मध्ये केंद्र बंद करण्याच्या करारात सहभागी होत्या. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विजेच्या तुटवड्याच्या भीतीने केंद्राला २०३० पर्यंत मुदतवाढ दिली. क्लीन एअर टास्क फोर्सची भूमिका याच्या उलट: अणुऊर्जा, जमिनीत कार्बन साठवणं, भूऔष्णिक वीज, जे जे कार्बन कमी करतं ते सगळं हवं. निव्वळ सौर आणि पवन पुरे म्हणणाऱ्यांशी तिचा खटका उडत राहिला.

ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टने दोन्ही गटांना काही ना काही दिलं. त्यात कार्बनवर मर्यादा नव्हती, करसवलती होत्या, कारण ६० मतं न लागणाऱ्या अर्थसंकल्पी मार्गाने, ५१ विरुद्ध ५० मतांनी, सिनेटमध्ये तेवढंच निभणार होतं. साठवलेल्या प्रत्येक टन कार्बनमागे ८५ डॉलर सवलत आणि मिथेनच्या जादा गळतीवर टनामागे ९०० डॉलरपासून शुल्क.

जुलै २०२५ च्या कायद्याने मिथेनवरचं शुल्क २०३४ पर्यंत पुढे ढकललं आणि सौर-पवन वीज प्रकल्पांच्या सवलतींना लवकरची मुदत घातली. त्याच महिन्यात ईपीएने, हरितगृह वायू आरोग्याला घातक असल्याचा आपलाच २००९ चा निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. अणुऊर्जा, भूऔष्णिक आणि कार्बन साठवणीच्या सवलती मात्र मोठ्या प्रमाणात टिकल्या. पूर्वी कार्बन जमिनीत कायमचा पुरणाऱ्याला जास्त सवलत होती आणि तोच कार्बन जुन्या विहिरींतून आणखी तेल काढायला वापरणाऱ्याला कमी. नव्या कायद्याने दोघांना एकाच दराने, टनामागे ८५ डॉलर, बसवलं.